खांद्याच्या ऑपरेशनला होकार देण्याआधी

“हात वर जाऊनच नाही राहिला बाप्पा! अंबाडा बांधायला सुनेला हाक मारावी लागते,” असं म्हणत ताई दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या हातात एमआरआयचं मोठं पाकीट होतं. ती नागपूरच्या बेस्यात माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं फळ्यावर लिहिण्यात गेली. निवृत्तीनंतर दर उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बादलीनं कूलर भरणं चालूच होतं. उजवा खांदा पाच महिन्यांपासून दुखत होता आणि रात्री त्या कुशीवर वळलं की झोप मोडत होती. चिठ्ठीवर ऑपरेशनचं नाव होतं, सबॲक्रोमियल डिकम्प्रेशन. तारीख पुढच्या मंगळवारची. “दुर्बिणीतून करतात. दोन छिद्रं, दुसऱ्या दिवशी घरी,” ती म्हणाली. तिच्या आवाजात भीतीपेक्षा सुटकाच जास्त होती.

मी तिला एवढीच विनंती केली की ही तारीख तीन महिने पुढे ढकल. या तीन महिन्यांत जे वाचलं, तज्ज्ञांना विचारलं आणि तिच्या खांद्यावर पाहिलं, ते इथे मांडतो आहे. आपल्या भागात अशी पाकिटं घेऊन फिरणारी माणसं थोडी नाहीत. रंगकाम करणारे, वायरमन, दिवसभर संगणकापुढे बसून मिहानमधून परतणारी मुलं, पापड-कुरडयांच्या वाळवणात गुंतलेल्या बायका, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, “खांदा धरला.”

आधी खांदा समजून घेऊ. दंडाच्या हाडाचा गोल माथा पात्याच्या उथळ खोबणीत टेकलेला असतो. खोबण इतकी उथळ की माथा हाडांच्या जोरावर जागेवर राहूच शकत नाही. त्याला चार स्नायूंच्या कंडरा चहूबाजूंनी धरून ठेवतात. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. माथ्याच्या वर पात्याच्याच हाडाचं एक टोक छपरासारखं पुढे आलेलं असतं, ते ॲक्रोमियन. छप्पर आणि माथा यांच्यामध्ये साधारण एक सेंटिमीटरची फट असते. त्या फटीतून वरची कंडरा जाते आणि तिच्यावर वंगणासारखी पातळ पिशवी असते, बर्सा. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात दुखतं आणि त्याच्या वर गेलं की कमी होतं, हे या दुखण्याचं ठरलेलं लक्षण. कंडरा छपराखाली घासते, चिमटते, अशा समजुतीतून त्याला इम्पिंजमेंट हे नाव पडलं.

अमेरिकेतले खांद्याचे शल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये ही कल्पना पक्की केली. छपराची खालची बाजू तासून जागा मोठी केली की घासणं थांबेल आणि दुखणं जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. हेच ताईच्या चिठ्ठीवरचं सबॲक्रोमियल डिकम्प्रेशन. सुरुवातीला ते खांदा उघडून होत असे. १९८०च्या दशकात ते दुर्बिणीतून होऊ लागलं, जखम लहान झाली, आणि पुढे जगभर हे खांद्याच्या सर्वांत जास्त होणाऱ्या ऑपरेशनांपैकी एक बनलं. कल्पना इतकी सरळ होती की ती तपासून पाहायला कित्येक वर्षं गेली.

तपासणी झाली ती ब्रिटन आणि फिनलंडमध्ये. ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्ण घेतले. सगळ्यांचं दुखणं किमान तीन महिन्यांचं होतं, व्यायाम आणि इंजेक्शन करून झालेलं होतं आणि कंडरा शाबूत होत्या. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाचं छप्पर तासलं. दुसऱ्या गटाला भूल दिली, छिद्रं पाडली, दुर्बीण आत घालून पाहिलं आणि हाडाला हात न लावता टाके घातले. तिसऱ्यावर काहीच केलं नाही, फक्त पाहत राहिले. सहा महिन्यांनी खांद्याचे गुण मोजले. ४८ म्हणजे ठणठणीत खांदा. तासलेल्यांना सरासरी ३२.७ मिळाले, नुसतं पाहून टाके घातलेल्यांना ३४.२ आणि काहीच न केलेल्यांना २९.४. म्हणजे हाड तासल्यानं वेगळं असं काही पदरात पडलं नाही. काही न केलेल्या गटाशी जो फरक दिसला, तोही रोजच्या जगण्यात जाणवावा इतका मोठा नव्हता. हा अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला. फिनलंडमध्ये २१० रुग्णांवर असाच अभ्यास झाला आणि दोन वर्षांनंतरही हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले सारखेच निघाले. तो २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. २०१९ मध्ये त्याच नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानं, ज्यात खांद्याचे शल्यविशारद आणि स्वतः रुग्णही होते, स्पष्ट शिफारस केली की या दुखण्यासाठी हे ऑपरेशन करू नये. त्याच वर्षी कॉक्रेन संस्थेनं सगळे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. दुखणं शून्य ते दहा असं मोजलं, तर खोट्या ऑपरेशनपेक्षा खऱ्या ऑपरेशननं वर्षाअखेर जास्तीचा आराम मिळाला तो जेमतेम पाव गुणाचा.

हे वाचून ऑपरेशन करणारे सगळे डॉक्टर फसवतात, असा अर्थ कृपया काढू नका. ऑपरेशननंतर बहुतेक रुग्णांना खरंच बरं वाटतं आणि डॉक्टरांना समोर तेच दिसतं. पण त्यानंतर हाताला सक्तीची विश्रांती मिळते, शिस्तीत व्यायाम होतो, आणि मुळात हे दुखणं महिन्यांच्या हिशेबानं ओसरणारं असतं. बरं वाटण्याचं श्रेय तासलेल्या हाडाला जातं, एवढंच.

आता ताईच्या पाकिटातल्या अहवालाकडे वळू. त्यात ‘अंशतः फाटलेली कंडरा’ हे शब्द होते आणि घरातले सगळे त्याच शब्दांनी हादरले होते. अमेरिकेत १९९५ मध्ये एक साधा पण डोळे उघडणारा अभ्यास छापून आला. खांदा अजिबात दुखत नसलेल्या ९६ माणसांचे एमआरआय काढले. साठी ओलांडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांच्या कंडरेत कमीअधिक फाट सापडली. त्यातल्या कुणालाच त्रास नव्हता. केस पांढरे व्हावेत तशी कंडराही वयानुसार झिजते. म्हणून फिल्ममध्ये दिसलेली प्रत्येक फाट दुखण्याचं कारण असेलच असं नाही. डॉक्टरांनी हात उचलून, फिरवून, जोर लावून केलेली तपासणी फिल्मपेक्षा कमी मोलाची नसते. तुमचा खांदा हातात न घेता कुणी नुसत्या फिल्मवरून ऑपरेशन सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

मुळात प्रत्येक धरलेला खांदा इम्पिंजमेंटचा नसतो, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त गल्लत होते ती फ्रोजन शोल्डरशी. फरक घरीच कळू शकतो. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि दुसऱ्या कुणाला तुमचा हात हळूच बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा. इम्पिंजमेंटमध्ये तो बराच फिरतो. फ्रोजन शोल्डरमध्ये दुसऱ्यानं फिरवला तरी बंद दारासारखा अडतो. मधुमेह्यांना हा विकार जास्त होतो, त्यामुळे असा अडलेला खांदा असेल आणि शुगर कधी तपासली नसेल, तर आधी ती तपासा. मानेतून हातात कळ उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर मूळ मानेत असू शकतं. खांद्याच्या दुखण्याबरोबर ताप आणि सूज असेल, किंवा वजन विनाकारण उतरत असेल, तर उशीर करू नका. आणि डाव्या खांद्यात, हातात कळ येऊन घाम फुटला, छाती आवळली, दम लागला, तर ते खांद्याचं दुखणं समजून शेक घेत बसू नका. थेट हृदयाची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

मग इम्पिंजमेंटवर करायचं काय? उत्तर साधं आहे आणि म्हणूनच लोकांना ते पटत नाही: बारा आठवडे नेटानं व्यायाम, आणि तोवर खांद्याला चिडवणारी कामं बदलणं.

कामांपासून सुरू करू, कारण तिथे आराम लवकर मिळतो. ताईच्या स्वयंपाकघरात रोज लागणारे डाळ-तांदळाचे डबे सर्वांत वरच्या फळीवर होते. ते कमरेच्या उंचीवर आणले. कूलरला नळाची नळी जोडली, बादली बंद. कपडे वाळत घालायची दोरी डोक्याच्या वर होती, ती छातीपर्यंत खाली घेतली. झोपताना न दुखणाऱ्या कुशीवर आणि दुखरा हात पुढे उशीवर टेकवून, किंवा पाठीवर आणि दंडाखाली घडी केलेली चादर. मानेवाडा-बेसा रस्त्यावर स्कूटी चालवताना हात ताठ ठेवण्याची सवय होती, ती मोडून कोपर थोडे वाकवायला लावले. पंधरा दिवसांत रात्रीची झोप निम्मी तरी सुधारली. हात गळ्यात अडकवून बसणं मात्र करू नका. खांदा निजवून ठेवला की आखडतो.

व्यायामात एक सुरुवातीचा टप्पा आहे आणि एक ताकदीचा. पहिले दोन-तीन आठवडे टेबलासमोर बसून, तळव्याखाली रुमाल ठेवून हात पुढे सरकवा आणि मागे आणा. ताठ बसून दोन्ही पाती पाठीमागे एकमेकींकडे ओढा, पाच आकडे मोजा, सोडा. हे रोज. दुखणं थोडं निवळलं की रबरी पट्टी घ्या. ती दाराच्या कडीला कोपराच्या उंचीवर बांधा, बगलेत गुंडाळलेला टॉवेल दाबून ठेवा, कोपर काटकोनात, आणि हात बाहेरच्या दिशेनं हळू फिरवा. परत येताना आणखी हळू. मग तोंड दाराकडे करून पट्टी स्वतःकडे ओढा, होडी वल्हवल्यासारखी. भिंतीला हात टेकवून जोर काढा. प्रत्येक व्यायाम दहा ते पंधरा वेळा, अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. सोपं वाटू लागलं की पट्टीचा ताण वाढवा. पुढे अर्धा लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन हात तिरका पुढे उचला, आधी खांद्याच्या उंचीपर्यंत, मग वर.

किती दुखलं तर चालेल, हे कुणी सांगत नाही आणि इथेच लोक सोडून देतात. दहापैकी चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं, तर खांदा बिघडत नाहीये, चालू ठेवा. दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिला तर ताण किंवा फेऱ्या कमी करा, व्यायाम थांबवू नका. पहिल्या तीन-चार आठवड्यांत फरक कमी जाणवतो. ताईनं चौथ्या आठवड्यात “काही होऊन नाही राहिलं” म्हणून पट्टी कपाटात ठेवून दिली होती. ती काढून पुन्हा तिच्या हातात द्यावी लागली.

यासाठी रोज फिजिओथेरपीला जाऊन मशीन लावून घ्यायची गरज नसते. ब्रिटनमध्ये ७०८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. एका गटाला फिजिओथेरपिस्टनं सहापर्यंत वेळा बोलावून व्यायाम वाढवत नेला. दुसऱ्याला एकदाच नीट वेळ देऊन समजावलं, कागद दिला आणि घरी करायला सांगितलं. वर्षानं दोघे सारखेच होते. म्हणून माझा सल्ला असा की एकदा चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जा, समोर करून दाखवा, चुका दुरुस्त करून घ्या, महिन्यानं पुन्हा एकदा भेटा. बाकीचे पैसे आणि वेळ वाचवा. विजेच्या शेकाच्या मशीननं तात्पुरतं बरं वाटतं, पण कंडरेला ताकद तिथून येत नाही. आणि मालीशवाल्याकडे खांद्याला झटके देऊन घेणं पूर्णपणे टाळा, कंडरा आधीच झिजलेली असेल तर ती तुटू शकते.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल दोन टोकं ऐकू येतात. त्यानं हाडं कुजतात असं एक, आणि एक सुई घेतली की झालं असं दुसरं. त्याच २०२१च्या अभ्यासात इंजेक्शनचा थोडा फायदा पहिल्या आठ आठवड्यांपुरता दिसला, वर्षाअखेर नाही. झोपच लागत नसेल, दुखण्यामुळे व्यायाम सुरूच करता येत नसेल, तर एक इंजेक्शन घेऊन तो आरामाचा काळ व्यायामासाठी वापरणं शहाणपणाचं. पुन:पुन्हा घेत राहणं कंडरेला चांगलं नाही. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वाढते, तेव्हा घरी तपासत राहा आणि आपल्या डॉक्टरांना आधी सांगा.

ऑपरेशन कुणाला लागतं, हेही तितकंच ठामपणे सांगायला हवं. सचिन तेंडुलकरच्या उजव्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, वेस्ट इंडिजचा दौरा हुकला आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला त्यानं वेस्ट इंडिजविरुद्धच नाबाद १४१ काढले. श्रेयस अय्यरचा डावा खांदा मार्च २०२१ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर झेप घेताना निखळला, त्याच्यावरही शस्त्रक्रिया झाली. “सचिननं केलं, मग आपण का नको?” असं मला तीन जणांनी विचारलं. दुर्बीण हे फक्त आत पोहोचायचं साधन आहे. आत जाऊन काय दुरुस्त करायचं, यावर सगळं ठरतं. निखळणारा खांदा बसवून घट्ट करणं, अपघातात पूर्ण तुटलेली कंडरा हाडाला पुन्हा शिवणं, ही वेगळी ऑपरेशनं आहेत आणि योग्य माणसाला ती नवा हात देतात. कंडरा शाबूत असताना नुसतं छप्पर तासणं ही त्यांच्या पंक्तीतली गोष्ट नाही. आणि खेळाडू पाच-सहा महिन्यांत परत येतो तो छिद्रांच्या जोरावर येत नाही, रोज तासन्‌तास घेतलेल्या व्यायामाच्या जोरावर येतो.

तरीही कुणी नीट बारा आठवडे, गरज पडली तर सहा महिने व्यायाम करूनही त्रस्त असेल आणि डॉक्टरांशी बोलून ऑपरेशनचा निर्णय घेतला असेल, तर काय होतं ते माहीत असावं. पूर्ण भूल आणि मानेजवळ हात बधिर करणारं इंजेक्शन दिलं जातं. एक सेंटिमीटरपेक्षा लहान दोन-तीन छिद्रांतून सलाइन सोडून जागा फुगवतात, सुजलेली बर्सा काढतात, छपराचे काही मिलिमीटर तासतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. हाताला झोळी काही दिवसच, हालचाल लगेच सुरू. जड उचलायला साधारण तीन महिने. आत कंडरा शिवावी लागली तर झोळी चार ते सहा आठवडे, आणि रंगारी किंवा हमाल असेल तर कामावर परतायला सहा महिने धरा. छिद्रं लहान म्हणून जोखीम शून्य होत नाही. जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि हजारात साधारण बारा जणांना ऑपरेशनमुळेच खांदा आखडण्याचा त्रास मागे लागतो.

डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा संकोच न करता विचारा. माझी कंडरा शाबूत आहे की पूर्ण तुटली आहे? नेमकं काय करणार, तासणार की शिवणार? न केल्यास सहा महिन्यांनी माझं काय होईल? यांची उत्तरं शांतपणे देणारे डॉक्टर चांगले. खर्चाचा प्रश्नही आधीच करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण तुमचं ऑपरेशन त्या यादीत आणि त्या रुग्णालयात बसतं का, हे योजनेच्या आरोग्यमित्राकडून तपासूनच पुढे जा. दुसरं मत घ्यायला धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांतच जायला हवं असं नाही. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि बेस्यापासून जवळचं मिहानमधलं एम्स, तिथल्या अस्थिरोग विभागाची ओपीडी हाही चांगला मार्ग आहे. रांग लागते, जुन्या फिल्म आणि औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या.

ताईचा अंबाडा दहाव्या आठवड्यात तिच्या हातानं बांधला गेला. थंडीत अधूनमधून खांदा कुरकुरतो आणि पट्टी आठवड्यातून दोनदा अजून चालू आहे. एका माणसाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून वरचे आकडे दिले.

एकच अपवाद ठळक लक्षात ठेवा. तुम्ही स्कूटीवरून पडलात, जिन्यावरून घसरलात, किंवा जड वस्तू उचलताना खांद्यात कट्‌ झालं आणि त्या क्षणापासून हात स्वतःच्या जोरावर उचलताच येत नसेल, तर हे बारा आठवडे तुमच्यासाठी नाहीत. पूर्ण तुटलेली कंडरा जितकी उशिरा शिवावी तितकी ती आखडत जाते आणि स्नायू वाळत जातो. त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.